पाहुण्याचं तिकीट

शिरड शहापूरहून मुंबईला जाणारा माणूस बहुतेक वेळा दोनच कामांनी जातो. एक म्हणजे पोराच्या नोकरीचं बघायला, दुसरं दवाखान्याला. (तिसरं म्हणजे मुंबई बघायला, पण ते काम सहसा पहिल्या दोनांच्या पोटात उरकतं.) गावातून वसमत नाहीतर परभणी गाठायची, तिथून देवगिरी, नंदीग्राम किंवा तपोवन धरायची आणि कल्याणला, नाहीतर दादरला उतरायचं. इथपर्यंत तिकिटाचा प्रश्न नसतो. एसटीत कंडक्टर सांगेल तेवढे पैसे द्यायचे, रेल्वेत खिडकीवरचा सांगेल तेवढे. दादरला उतरलं की मात्र पहिल्यांदा निवड करावी लागते. साधी लोकल की एसी? सेकंड की फर्स्ट? सिंगल, रिटर्न की पास? की बस बरी?

ही निवड आली कुठून याचा मी गेले काही दिवस विचार करतोय, आणि जितकं मागं जावं तितकं एक दिसतं की मुंबईची भाडी रोज जाणाऱ्याचा विचार करून ठरत गेली. पाहुणा त्यात कायम उपरा.

आमच्याकडच्या माणसाला तर भाड्याच्याही आधी पैशाची निवड करावी लागे. आम्ही निजामाच्या राज्यातले. तिथं हाली सिक्का चालायचा, मुंबईत कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशोब. म्हणजे मुंबईतलं एक आण्याचं तिकीट आपल्या पैशात बरोबर चौदा पैला पडायचं! पैसे बदलून घेतल्याशिवाय मुंबईत पाऊल टाकून उपयोग नव्हता. गाडीही बदलावी लागे. हैदराबादहून येणारी मीटर गेज मनमाडला संपायची, तिथं सामान उतरवून जीआयपीच्या ब्रॉड गेज गाडीत चढवायचं. हे गाडी बदलणं तर थेट 1990 च्या दशकापर्यंत चाललं. घरातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी आजही मनमाडच्या फलाटावरचं ते पळणं असतं.

निजामाच्या राज्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. 1932 साली तिथल्या रेल्वेनंच 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. रेल्वे आणि बस एकाच मालकाची. मुंबईत आजही बस एकाची, लोकल दुसऱ्याची, मेट्रो तिसऱ्याची आहे. असो.

आता मुंबईकडं येऊ. 9 मे 1874 ला तिथं घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच नव्हतं, पैसे द्यायचे आणि बसायचं. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं आणि फुकटे वाढले म्हणून तिकिटं आली. पुढं 1907 साली विजेची ट्रॅम आली आणि एक आण्यात ट्रॅमनं लांबवर जाता येतं ही मुंबईची ओळखच होऊन बसली. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्रॅम गेली, पण त्या आण्याच्या आठवणी काढणारे लोक नंतरही कितीतरी वर्षं भेटत.

मला ते एक आण्याचं भाडं पाहुण्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं वाटतं. स्वस्त होतं हे आहेच. पण जिथं भाडं टप्प्यावर ठरत नाही तिथं माणसाला गाव माहीत असावं लागत नाही. कुठं उतरायचंय, त्या थांब्याचं नाव काय, तो आधी येतो की नंतर, हे काही माहीत नसलं तरी आणा पुढं केला की झालं. टप्प्याच्या भाड्यात आधी थांबा सांगावा लागतो. नवख्या माणसाला नेमकं तेच येत नसतं. तो म्हणतो, "केईएम दवाखाना." कंडक्टर म्हणतो, "परळ की हिंदमाता?" मागून लोक ओरडतात. मग पाहुणा चालत जातो, नाहीतर टॅक्सी करतो. म्हणजे सगळ्यात महाग तिकीट घेतो.

लोकलचं गणित याहून वेगळं. तिथं सेकंड क्लासचं भाडं इतकं कमी आहे की त्यात वाचवण्यासारखं काही नाही. पहिल्या दहा किलोमीटरला 5 रुपये, कल्याणहून थेट सीएसएमटीला 15. रिटर्न घेतलं तर सवलत शून्य, फक्त एक रांग वाचते. टूरिस्ट तिकीट म्हणून एक प्रकार आहे. एक, तीन किंवा पाच दिवसांचं, पश्चिम, मध्य, हार्बर सगळीकडं चालणारं. नाव ऐकून वाटतं हे आपल्यासाठीच. पण सेकंड क्लासमध्ये एका दिवसाच्या तिकिटाची किंमत वसूल करायची तर दिवसभर गाड्या बदलत हिंडायला हवं. दवाखान्याच्या कामाला आलेला माणूस दिवसात जातो एकदा आणि येतो एकदा. त्याला साधं तिकीटच परवडतं. हां, रांगेचा आणि चुकीच्या स्टेशनचा घोर ज्याला नको, त्यानं टूरिस्ट तिकीट जरूर घ्यावं. फर्स्ट क्लासच्या डब्यात मात्र न बघता चढू नये, कारण सेकंडच्या तिकिटावर तिथं सापडलं तर भाड्यातल्या फरकावर निदान 250 रुपये दंड.

खरी सवलत आहे ती पासात. कल्याण-सीएसएमटीचा सेकंडचा महिन्याचा पास 315 रुपयांचा, म्हणजे अकराव्या दिवशी पैसे वसूल, पुढचे दिवस फुकट. ही सवलत टिकली कशी ते बघण्यासारखं आहे. जून 2014 मध्ये रेल्वेनं भाडेवाढ जाहीर केली, त्यात पासाचा हिशोब महिन्याच्या सुमारे 15 फेऱ्यांऐवजी 30 फेऱ्यांवर नेला होता. म्हणजे पास जवळपास दुप्पट. मुंबईत एकच गदारोळ झाला आणि चार-पाच दिवसांत सरकारनं ते मागं घेतलं. बरोबरच झालं. पण पासवाल्याच्या मागं मतं आहेत, संघटना आहेत, वर्तमानपत्रं आहेत. एका दिवसाच्या तिकिटाच्या मागं कोण आहे? बेस्टमध्ये मात्र उलटं घडलं. मे 2025 मध्ये किमान भाडं 5 चं 10 झालं, महिन्याचा पास 900 चा 1800 झाला, आणि रोजचा पास 60 चा फक्त 75. तिथं एकदाचा पाहुणा थोडक्यात सुटला आणि घर चालवणाऱ्यांना फटका बसला.

लंडनमध्ये यावर एक तोडगा निघाला. 2003 साली ऑयस्टर कार्ड आलं, आणि 2005 पासून दिवसभरात त्या कार्डावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे कापलेच जात नाहीत. किती फिरणार ते सकाळी ठरवायला नको, हिशोब यंत्र करतं. आपल्याकडं ऑक्टोबर 2025 मध्ये 'मुंबई वन' नावाचं ॲप आलं. त्यात मेट्रो, लोकल, बस अशी वेगवेगळ्या मालकांची तिकिटं एकत्र काढता येतात. रांग वाचते. पण तिकीट निवडायचं काम अजून आपलंच.

घरापासून निघतानाचा हिशोबही अलीकडं बदललाय. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं, ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. उलट रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली ती केलीच. त्यामुळे परभणीहून मुंबईपर्यंत आडवं होऊन जाता येईल अशी रेल्वे सोडून म्हातारी माणसं रात्रभर एसटीत बसून जातात. पैसे वाचतात, पाठ जाते. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरला आणि थ्री टियर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला पाऊण. चांगली सोय आहे. पण दाखला दवाखान्याचा लागतो, आणि निदान व्हायच्या आधी दाखला कुठला? पहिली फेरी, जेव्हा काय झालंय हेच माहीत नसतं, ती पूर्ण भाड्यानंच होते.

आणि दुसरी-तिसरी फेरी लांबते. परळच्या टाटा रुग्णालयात 1941 पासून देशभरातून लोक येतात, त्यात मराठवाड्यातलेही पुष्कळ. शेकण्याची, म्हणजे रेडिएशनची, तारीख मिळाली की पाच-सहा आठवडे रोज जावं लागतं. कल्याण-डोंबिवलीकडं कुणीतरी ओळखीचं असतं, तिथं मुक्काम. हिशोबानं पहिल्याच दिवशी पास काढायला हवा. ओळखपत्र दाखवलं की पाहुण्यालाही मिळतो.

मी आमच्या भागातल्या अशा कितीतरी लोकांशी बोललोय. हिशोबात पक्की माणसं, बाजारात एका रुपयासाठी घासाघीस करणारी. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पास काढलेला नव्हता. रोज सकाळी रांगेत उभं राहून सिंगल तिकीट. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "महिन्याचा पास कशाला, आता होईलच की सुट्टी दोन-चार दिवसांत." खिडकीवर महिन्याचा पास मागायचा म्हणजे आपण महिनाभर इथंच आहोत असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तेवढं सांगायला ते तयार नव्हते. त्यातल्या एका मावशींच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर लोकलची जुनी तिकिटं रबर लावून ठेवलेली होती. मी मोजली नाहीत, पण पासाची किंमत केव्हाच ओलांडून गेली असावीत.