पाणी सोडणे

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका तरुणाला १९१९ साली ऑक्सफर्डमध्ये काम मिळालं ते शब्दकोशाच्या कचेरीत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचं ‘डब्ल्यू’ अक्षर चालू होतं. वॉलनट, वॉलरस असल्या शब्दांची मुळं खणत तो बसे. एकट्या वॉलरसचे त्यानं कितीतरी खर्डे केले. त्याचे दोन जिवलग मित्र १९१६ साली युद्धात गेले होते. आई तर तो बारा वर्षांचा असतानाच गेली. तिनं कॅथलिक पंथ स्वीकारला म्हणून नातेवाइकांनी मदतीचा हात काढून घेतला होता, आणि आई श्रद्धेपायी झिजून गेली हे त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. हा तरुण म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन.

त्याचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं. आधी भाषा सुचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी मग जग उभं केलं, असं तो सांगे. म्हणून या अवाढव्य कथेत मी नेहमी शब्दांच्या दारानं शिरते. दुःख, श्रद्धा आणि त्याग ही तिन्ही माणसं तिथे दारातच भेटतात.

इंग्रजीतला ‘ग्रीफ’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘ग्रॅविस’कडे जातो. ग्रॅविस म्हणजे जड. आपला ‘गुरु’ त्याच कुळातला. आपला ‘शोक’ मात्र ‘शुच्’ धातूचा, म्हणजे जळण्याचा, झळाळण्याचा. ‘शुचि’ हा शब्दही तिथलाच. एकीकडे दुःख ओझं, दुसरीकडे आग. मराठीला दोन्ही लागतात: निरोप जड अंतःकरणानं देतो आणि जिवाची काहिली होते. टॉल्किननं स्वतःच्या भाषेत दुःखाला तिसरंच रूप दिलं. त्याच्या देवतांमध्ये निएन्ना नावाची एक आहे. तिच्या नावात ‘निए’ आहे, म्हणजे अश्रू. ती स्वतःसाठी रडत नाही. जगाला प्रकाश देणारी दोन झाडं विषारी कोळिणीनं शोषून घेतली, तेव्हा निएन्नाच्या आसवांनी तो मळ धुतला गेला. मग मरता मरता एका झाडाला शेवटचं फूल आलं, दुसऱ्याला शेवटचं फळ धरलं. त्याच फुलाचा चंद्र झाला आणि फळाचा सूर्य. इतकंच नाही, करुणा आणि धीर हे दोन गुण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार गँडाल्फ शिकला तेही निएन्नापाशी. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

श्रद्धेसाठी त्याचा शब्द ‘एस्टेल’. टॉल्किनच्या मागे त्याच्या मुलानं संपादित केलेल्या, १९९३ साली आलेल्या ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात एल्फांचा राजा फिनरॉड आणि माणसांमधली जाणती आंद्रेथ यांचा संवाद आहे. आंद्रेथचं ज्याच्यावर मन जडलं तो फिनरॉडचा भाऊ. अमर असलेला एल्फ आणि ती म्हातारी होत चाललेली. फिनरॉड तिला सांगतो की आशेसाठी आमच्याकडे दोन शब्द आहेत. ‘अमदिर’ म्हणजे वर पाहणं, काहीतरी चांगलं दिसत असल्यामुळे वाटणारी आशा. ‘एस्टेल’ म्हणजे समोर काहीही दिसत नसताना टिकणारा भरवसा. इंग्रजीत दोन्हींना ‘होप’वर भागवावं लागतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आशा डोळ्यांची असते, ती वाटेकडे डोळे लावून बसते. श्रद्धा डोळ्यांची नव्हे: ‘श्रत्’ आणि ‘धा’, आणि भाषाशास्त्रज्ञ त्या ‘श्रत्’मागे हृदय वाचतात. काळीज ठेवणं. लॅटिन ‘क्रेडो’ही अगदी याच घडणीचा, श्रद्धेचा सख्खा भाऊ. टॉल्किनच्या आईनं ज्या पंथासाठी माहेर तोडलं, त्याचं श्रद्धावचन या क्रेडोनंच सुरू होतं.

आणि श्रद्धेपासून आपल्याकडे आणखी एक शब्द झाला. श्राद्ध. शोक आणि श्रद्धा एकाच पाटावर बसलेली मी तिथे पाहिली.

आजीचं वर्षश्राद्ध होतं. बाबांच्या अनामिकेत दर्भाची अंगठी, पवित्रक. समोर ताम्हण, तळहातावर काळे तीळ. गुरुजी नावं उच्चारत आणि बाबा अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडत. तीळ चिकटून राहत, मग पुढच्या पळीबरोबर घरंगळत. प्रत्येक वेळी हात थोडा वेळ तसाच उताणा राही. शेवटी बाबांनी पवित्रक काढलं, त्याची गाठ सोडली आणि टाकून दिलं.

‘पाणी सोडणे’ आणि ‘तिलांजली देणे’ या वाक्प्रचारांचा अर्थ मला त्या दिवशी हातात दिसला. दान देतानाही पाणीच सोडतात. त्या धारेबरोबर वस्तूवरचा हक्क जातो. यज्ञात आहुती अग्नीत पडली तरी काम पुरं होत नाही. ‘हे माझं नाही’ असं यजमानानं म्हणावं लागतं, आणि शास्त्रात त्या म्हणण्यालाच ‘त्याग’ हे नाव आहे. ‘बळी’ वेगळा. बळी घेतला जातो, दिला जातो, अपघाताच्या बातमीत तर माणूस न विचारताच बळी होतो. टॉल्किनच्या कथेत मोरियाच्या पुलावर गँडाल्फ कोसळतो किंवा छोट्या हॉबिटांना वाचवताना योद्धा बोरोमिर बाणांनी विंधला जातो, त्याला बलिदान म्हणावं. पण कथेचा नायक, हॉबिट फ्रोडो, त्याचं काय?

फ्रोडोवर एकच काम आहे: दुष्ट सत्तेची अंगठी नष्ट करण्यासाठी ज्वालामुखीत टाकणं. पावलागणिक ती जड होत जाते, ‘ग्रॅविस’ अक्षरशः गळ्यात. आणि कड्यावर पोचल्यावर त्याला यजमानाचं ते एक वाक्य म्हणता येत नाही. तो उलटं म्हणतो, अंगठी माझी. सगळ्या महाकथेचा कळस म्हणजे न झालेला त्याग. टॉल्किननं पत्रांतून फ्रोडोची बाजू घेतली आहे: त्या जागी, त्या क्षणी ते कोणालाच जमलं नसतं. मला हे पटतं, आणि या लेखकावरचा माझा जीव इथेच जडला. अंगठीचा जुना धनी गॉलम झडप घालतो, फ्रोडोचं बोट अंगठीसकट तोडतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. गॉलम तोवर जिवंत का होता? फ्रोडोला वाढवणाऱ्या बिल्बोनं आणि पुढे फ्रोडोनं त्याच्यावर दया केली म्हणून. ती दया फ्रोडोला शिकवली गँडाल्फनं. आणि गँडाल्फ ती शिकला निएन्नापाशी. पर्वतावर जे घडलं त्यात शेवटी आसवांचं पाणी होतं.

फ्रोडोचा त्याग येतो तो नंतर, आणि गाजावाजा न करता. गाव वाचलं, शेतं पुन्हा पिकली. पण प्रवासात झालेल्या जखमांची तारीख आली की तो आजारी पडतो, ऑक्टोबरच्या ६ तारखेला, मार्चच्या १३ तारखेला. आपल्याकडे तिथी येते तशी. ज्या गावासाठी हे सगळं केलं ते दुसऱ्यांसाठी राखलं गेलं, त्याच्यासाठी नाही, हे त्याला कळतं. ‘त्यज्’ या धातूचं ग्रीकमध्ये एक भावंड मानतात, ‘सेबोमाइ’. त्याचा अर्थ आदरानं नमणं, आणि मुळात मागे सरणं. फ्रोडो तसा मागे सरतो. घर वाटभर साथ दिलेल्या सॅमच्या नावे करतो. स्वतःच्या हातानं लिहीत आणलेली लाल वही त्याला देतो. शेवटची काही पानं कोरी आहेत, ती तू लिही म्हणतो. मग बंदरावर जातो. गलबताचं शीड फुगतं, मरणातून परतलेला गँडाल्फही त्याच गलबतात असतो, आणि सॅम बरीच रात्र होईपर्यंत पाण्याकडे बघत उभा राहतो.