पुस्तिका मुळातूनच काढावी

वस्तू बदलते, पण तिच्याविषयी लिहिलेले तसेच राहते. माहितीपुस्तिकांचा हा जुना रोग आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली अडीच फुटी रुळांवर धावू लागली आणि पुढे येडशीवरून १९११मध्ये लातूरला पोहोचली. २००७-०८मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला, धाराशिव शहरही त्यावर आले. येडशीची गाडी अरुंद रुळांवरून जाते असे सांगणारे प्रत्येक वर्णन त्यामुळे एकदम कालबाह्य झाले. रेल्वेत असा बदल शंभर वर्षांत एकदा होतो, सॉफ्टवेअरमध्ये तो दर आठवड्याला होतो. म्हणून प्रोग्रॅमरांनी वेगळी वाट धरली: स्पष्टीकरण कोडच्या ओळींशेजारीच लिहायचे आणि पुस्तिका यंत्राने त्यातून काढून घ्यायची. ही वाट योग्य आहे. मात्र तिचे खरे बळ यंत्रात नसून मूळ आणि स्पष्टीकरण यांच्या जवळिकीत आहे.

तिचा इतिहासही हेच सांगतो. स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नुथ यांनी वेब ही पद्धत घडवली आणि १९८४च्या निबंधात तिच्यामागचा विचार मांडला. तिच्यात प्रोग्रॅम माणसाने वाचावा म्हणून लिहिला जाई आणि एकाच फाइलमधून यंत्रासाठी कोड व वाचकासाठी छापील पाने निघत. त्यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा अख्खा प्रोग्रॅम १९८६मध्ये असाच ग्रंथरूपाने आला. जावा भाषेसोबत आलेल्या जावाडॉकने आणि १९९७च्या डॉक्सिजनने ही सवय रोजच्या कामात आणली. पण त्यांनी क्नुथ यांचा अर्धाच विचार घेतला. टिपा गोळा करणे यंत्राकडे गेले; वाचकासाठी सलग लिहिणे मागे पडले.

या उरलेल्या अर्ध्याचे मोल मराठीतल्या एका जुन्या उदाहरणावरून कळते. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी लीळाचरित्रात एकत्र केल्या. केसोबासांनी स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला: प्रसंगांच्या विस्तारातून वेगळी काढलेली, पाठ करता येईल अशी आटोपशीर संहिता. पण प्रसंगापासून तुटलेले सूत्र समजेना, तेव्हा कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे प्रकरणवश हे लेखनही महानुभावांनी केले. साम्य पूर्ण नाही. लीळाचरित्र काही दर आठवड्याला बदलत नव्हते. तरीही धडा तोच आहे: वेचून काढलेल्या मजकुराला त्याचा प्रसंग परत द्यावा लागतो.

कोडमधून पुस्तिका काढण्याच्या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अशी पुस्तिका फंक्शनचे नावच दुसऱ्या शब्दांत सांगते आणि नवख्याला कुठून सुरुवात करावी हे कळत नाही. हे खरे आहे, पण दोष वेचण्याचा नाही. जिथे कारण लिहायला हवे तिथे नुसते नाव लिहिण्याचा आहे. एखादी मर्यादा का घातली, कोणत्या वेळी हे फंक्शन वापरू नये, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते आणि ते त्या ओळीपाशी लिहिणेच त्याला सर्वांत सोपे जाते. नवख्यासाठी वेगळे प्रास्ताविक मात्र माणसानेच लिहिले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शेजारची टीपही शिळी होते. ओळ बदलणारा टीप बदलायला विसरतो, हे नाकारता येत नाही. म्हणूनच पायथन भाषेत २००१पासून डॉकटेस्टची सोय आहे. टिपेतले उदाहरण ती चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही की चूक दाखवते. दूरच्या कागदावरच्या वाक्याची अशी परीक्षा घेणे फार अवघड आहे.

म्हणून मराठी तरुण प्रोग्रॅमरांना एवढेच सांगणे आहे: पुस्तिका खुशाल यंत्राकडून काढून घ्या, पण कोडशेजारी 'काय'च्या आधी 'का' लिहा. ते लिहिलेले नसेल, तर कोणत्याही यंत्राला ते वेचता येणार नाही.