काचबिंदू आणि झोप

काचबिंदू आणि झोप यांचा परस्परसंबंध हा नेत्रवैद्यक व निद्राविज्ञान या दोन्ही शाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. हा संबंध दुहेरी मानला जातो. झोपेत शरीरात होणारे बदल आणि काही निद्राविकार डोळ्याच्या नसेची हानी वाढवू शकतात. उलट, काचबिंदूमुळे झालेली हानी झोपेचे चक्र बिघडवू शकते. मात्र अपुरी झोप हे काचबिंदूचे थेट कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

काचबिंदूचे स्वरूप

काचबिंदू किंवा ग्लॉकोमा हा डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या दृष्टिमज्जातंतूचा विकार आहे. या मज्जातंतूलाच बोलीभाषेत डोळ्याची मुख्य नस म्हणतात. डोळ्यात सतत तयार होणाऱ्या नेत्रजलाचा निचरा नीट न झाल्यास डोळ्यातील दाब वाढतो व नसेवर ताण येतो. हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो; परंतु दाब या मर्यादेत असूनही काही व्यक्तींना काचबिंदू होतो. दृष्टीची हानी बहुधा कडेकडून सुरू होते आणि वेदना होत नसल्यामुळे ती दीर्घकाळ लक्षात येत नाही. गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उपचारांनी उरलेली दृष्टी राखता येते.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत अनेकदा गल्लत केली जाते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी बहुधा सुधारते. ‘मोतीबिंदू पिकला की काढू’ या समजुतीने तपासणी लांबणीवर टाकल्यास, त्याच डोळ्यात काचबिंदू असेल तर दरम्यानच्या काळात कायमची हानी होते.

झोपेत डोळ्यात होणारे बदल

आडवे झाल्यावर डोळ्याबाहेरील शिरांतील दाब वाढतो आणि नेत्रजलाचा निचरा मंदावतो. झोपेत नेत्रजलाची निर्मिती दिवसाच्या सुमारे निम्म्यावर येते, तरीही डोळ्यातील दाब बसलेल्या स्थितीपेक्षा अधिक राहतो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील निद्राप्रयोगशाळेत जॉन लिऊ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी तरुणांमध्येही रात्री दाब वाढल्याचे आढळले. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात दिवसा घेतलेली एकच नोंद रुग्णाच्या दाबाचे पूर्ण चित्र देत नाही. दिवसा दाब आटोक्यात असूनही नसेची हानी वाढत असेल, तर रात्रीच्या दाबाचा विचार करावा लागतो.

दुसरा घटक रक्तपुरवठ्याचा आहे. रात्री रक्तदाब स्वाभाविकपणे सुमारे १० ते २० टक्के उतरतो. एकीकडे डोळ्यातील दाब चढलेला आणि दुसरीकडे रक्तदाब उतरलेला असल्यास नसेला पुरेसे रक्त मिळत नाही. उच्च रक्तदाबाच्या गोळ्या झोपताना घेणाऱ्या रुग्णांत ही घट अधिक होऊ शकते. म्हणून काचबिंदू असल्याची माहिती रक्तदाबावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही देणे आवश्यक असते.

कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूच्या डोळ्यातील दाब तुलनेने वाढतो, आणि पालथे झोपल्यास उशीचा भार थेट डोळ्यावर येऊ शकतो. पलंगाची डोक्याकडील बाजू सुमारे ३० अंशांनी उचलल्यास काही रुग्णांत रात्रीचा दाब कमी झाल्याचे दिसून आले आहे. मात्र उशांची चळत रचल्यास मान पुढे वाकते. तो या उपायाचा पर्याय नव्हे.

निद्राविकार आणि काचबिंदू

ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ प्रकल्पातील ४० ते ६९ वर्षे वयाच्या ४,०९,०५३ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिशय कमी किंवा अतिशय जास्त झोप, निद्रानाश, घोरणे आणि दिवसा वारंवार येणारी झोप यांचा काचबिंदूच्या वाढलेल्या जोखमीशी संबंध असल्याचे त्यात आढळले. दिवसा वारंवार झोप येणाऱ्यांत ही वाढ सुमारे २० टक्के, तर निद्रानाश असणाऱ्यांत सुमारे १२ टक्के होती. ही वाढ तुलनात्मक आहे. निद्रानाश असलेल्या शंभरपैकी बारा जणांना काचबिंदू होतो, असा तिचा अर्थ नाही. शिवाय झोपेची माहिती सहभागी व्यक्तींनी स्वतःच सांगितलेली होती आणि अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव ठरत नाही.

झोपेत घसा आकुंचन पावून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जाग येणे आणि दिवसा पेंग येणे ही त्याची लक्षणे होत. श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो व रक्तदाबात चढउतार होतात. दृष्टिमज्जातंतूची हानी त्यामुळे होत असावी, असे मानले जाते.

काचबिंदूमुळे झोपेवर होणारा परिणाम

दृष्टिपटलातील काही मोजक्या गुच्छिका पेशींचे मुख्य काम प्रतिमा पाहण्याचे नसून उजेड ओळखण्याचे असते. त्यांत मेलॅनोप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य असते. अशा पेशी स्वतंत्रपणे प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. या पेशी मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस-रात्रीची वर्दी देतात व त्यानुसार झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाची पातळी बदलते. काचबिंदूत गुच्छिका पेशीच मरत असल्यामुळे ही वर्दी क्षीण होते. परिणामी रात्री झोप न लागणे, ती वारंवार मोडणे व दिवसा झापड येणे अशा तक्रारी उद्भवू शकतात. दृष्टी जाण्याच्या भीतीमुळे येणारी चिंता व नैराश्य हेही झोप बिघडण्याचे कारण ठरते.

रात्रीचा तीव्र झटका

डोळ्यातील निचऱ्याचा कोन अरुंद असलेल्या व्यक्तींत अंधारात बाहुली विस्फारल्यामुळे तो कोन एकाएकी बंद होऊ शकतो. डोळ्यात असह्य ठणका, लाली, अंधूक दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये, डोकेदुखी आणि उलट्या ही त्याची लक्षणे होत. उलट्या व डोकेदुखीमुळे हा झटका पित्ताचा किंवा अर्धशिशीचा समजला जाण्याचा धोका असतो. ही तातडीची अवस्था असून काही तासांत उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. सर्दीवरील किंवा झोप आणणारी काही औषधे बाहुली विस्फारतात. अरुंद कोन असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नयेत.

औषधे आणि झोप

लॅटानोप्रॉस्टसारखे थेंब बहुधा रात्री एकदा घालतात. त्यांचा परिणाम दिवसरात्र टिकतो. टिमोलॉलचा रात्रीच्या दाबावर फारसा प्रभाव पडत नाही. शिवाय ते नाडी मंद करू शकते आणि दम्याच्या रुग्णांना वर्ज्य असते. ब्रिमोनिडीनमुळे काहींना गुंगी येते. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढून झोपमोड होऊ शकते. अशा तक्रारींमुळे औषध परस्पर बंद करणे घातक ठरते. औषध किंवा त्याची वेळ बदलून घेता येते.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. ग्रामीण भागात काचबिंदू कमी असतो, ही समजूत निराधार आहे. महाराष्ट्रातच नागपूरजवळच्या ८ गावांत २००६ ते २००८ या काळात ३० वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची नेत्रतपासणी झाली, तेव्हा तेथेही काचबिंदूचे रुग्ण आढळले. भारतातील सर्वेक्षणांत आढळलेल्या बहुतेक रुग्णांना आपल्याला हा विकार असल्याची आधी कल्पनाच नव्हती.

जिल्ह्यातील श्रमजीवनात झोप खंडित होण्याची कारणे ठळक आहेत. शेतीपंपांना वीज दिवसा व रात्री आळीपाळीने मिळत असल्यामुळे रब्बी हंगामात अनेक शेतकऱ्यांना रात्री पाणी देण्यासाठी शेतात जावे लागते. गळीत हंगामात साखर कारखाने रात्रपाळीतही चालतात. ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास बाहेर पडून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडाजवळच्या कोप्यांमध्ये राहतात. त्यांचे काम पहाटेपूर्वी सुरू होते आणि वाहन आल्यावर रात्रीही मोळ्या भराव्या लागतात. अशा दिनक्रमात ‘झोपताना थेंब घाला’ ही सूचना अपुरी ठरते. घड्याळाची एक ठरावीक वेळ निश्चित करणे अधिक उपयुक्त असते.

थेंबांची साठवण हाही प्रश्न आहे. पारंपरिक लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. कोपीत शीतकपाट नसते आणि जिल्ह्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी शीतसाठवण न लागणारे थेंब डॉक्टरांकडून लिहून घेता येतात. स्थलांतरापूर्वी तपासणी करून हंगामभराच्या औषधाची सोय केल्यास उपचारांत खंड पडत नाही.

चाळिशीनंतर सर्वांनी, आणि आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास त्याही आधीपासून, नियमित नेत्रतपासणी करावी. केवळ चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नसते. डोळ्यातील दाब व दृष्टिमज्जातंतू यांचीही तपासणी आवश्यक असते. घोरणे, श्वास अडणे किंवा दिवसा येणारी पेंग यांची माहिती नेत्रतज्ज्ञांना दिल्यास रात्री होणाऱ्या हानीचा विचार वेळीच करता येतो.

हे सुद्धा पहा

• मोतीबिंदू
• दृष्टिपटल
• निद्रानाश
• मेलाटोनिन
• धाराशिव जिल्हा