शेंबडापासून माचिसपर्यंत

अंबरनाथला रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. नाव अगदी देशी, पण तिच्यामागे होता स्वीडनचा काडेपेटीसम्राट इव्हार क्रूगर.

1922 मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर दर ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया जकात लावली. स्वीडिश मालाला ती जड गेली. मग त्यांनी पेट्या पाठवण्यापेक्षा कारखानाच इकडे आणला. 1923 मध्ये विम्को स्थापन झाली आणि अंबरनाथला यंत्रं लागली. देशी कारखानदार चिडले, आणि ते रास्तच होतं. ज्या जकातीच्या भिंतीआड आपण वाढू असं त्यांना वाटत होतं, तिच्या आतच परका येऊन बसला होता. पुढे 1932 मध्ये क्रूगर पॅरिसमध्ये गोळी लागून मेला, त्याच्या हिशेबातले घोटाळे बाहेर आले. अंबरनाथच्या काड्या मात्र निघत राहिल्या.

कारखाना स्वीडनचा, पण शब्द तिकडचा आला नाही. स्वीडिशमध्ये काडीला ‘टेंडस्टिका’ म्हणतात. शेजारच्या फिनिशमध्ये ‘तुलितिक्कू’: तुली म्हणजे आग, तिक्कू म्हणजे काडी. आपल्या आगकाडीची जुळी बहीणच!

टपरीवर मात्र आपण ‘माचिस’ मागतो. इंग्रजी ‘मॅच’चं अनेकवचन ‘मॅचेस’. हिंदीने ते एकवचन करून टाकलं आणि तिथून ते आपल्या तोंडी बसलं. इंग्रजांनी ‘मॅच’ घेतला फ्रेंचांकडून, तिथे ‘मेश’ म्हणजे दिव्याची वात. त्याही मागे अनेक कोशकार लॅटिनमार्गे ग्रीक ‘मुक्सा’पर्यंत जातात. अर्थ? शेंबूड. दिव्याच्या चोचीतून लोंबणारी वात ग्रीकांना वाहत्या नाकासारखी दिसली असावी. (यापुढे काडी ओढताना हे आठवलं तर माफ करा.)

घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरने 1827 मध्ये विकायला काढली. त्याआधी ‘मॅच’ म्हणजे बंदुकीच्या दारूला आग लावणारी, धुमसती दोरी. ही दोरी मराठी फौजांकडेही होती आणि तिला अस्सल मराठी नाव होतं: तोडा. तोड्याची बंदूक ती हीच. इंग्रजीत दोरीचं नाव काडीला मिळालं. मराठीत तोडा बंदुकीबरोबरच अडगळीत गेला, आणि आज तोडे म्हटलं की सोनाराचं दुकानच आठवतं.