प्रश्न आणि प्रकरण : आद्य महानुभावीय चर्चेचा एक विशेष

न्यायशास्त्राने विचारचर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वपक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. प्रश्न तिन्हींतही विचारले जातात. परंतु निर्णयाप्रत नेणारा प्रश्न कसा असतो, हे व्याख्यांपेक्षा प्रत्यक्ष चर्चांच्या नोंदींवरूनच अधिक स्पष्ट होते. तेराव्या शतकातील मराठी गद्यात अशा नोंदी विपुल आहेत, आणि त्यांची जडणघडण प्रामुख्याने वऱ्हाडातील रिद्धपूर येथे झाली.

श्रीचक्रधरांच्या शिष्यपरिवारात महदाइसेचे स्थान या दृष्टीने लक्षणीय आहे. आद्य मराठी कवयित्री म्हणून ती प्रसिद्ध आहे. तथापि 'लीळाचरित्रा'त ती मुख्यतः प्रश्नकर्ती म्हणून भेटते. तिच्या जिज्ञासू व चर्चक वृत्तीचा चक्रधरांनी स्वतः गौरव केला. एक शंका फिटताच दुसरी उपस्थित करणे हा तिचा स्वभाव होता, व त्यामुळे निरूपण करणाऱ्यास सामान्य सिद्धान्तावरून विशिष्ट आचारापर्यंत यावे लागे.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा, हाही या मंडळींपुढील खरा वादविषय होता. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. संस्कृतज्ञ केसोबासांनी त्यांना संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा आपल्याला चक्रधरांनी मराठीत निरूपण केले आहे, तरी मराठीतच विचारावे, असे त्यांनी सुनावल्याची आठवण 'स्मृतिस्थळा'त नमूद आहे. केसोबासांच्या संस्कृत ग्रंथरचनेलाही त्यांनी आवर घातला. आपल्या परिवारातील वृद्ध स्त्रिया त्यामुळे नागविल्या जातील, हे त्यांनी दिलेले कारण होते. ज्या भाषेत महदाइसेसारखीला प्रतिप्रश्न करता येत नाही, त्या भाषेतील उत्तर कितीही निर्दोष असले तरी त्याची परीक्षा होऊ शकत नाही, असा या भूमिकेचा आशय काढता येतो.

प्रश्नाचा तिसरा उपयोग म्हाइंभटांनी केला. विद्वत्तेचा अभिमान बाळगून वादाच्या इच्छेने चक्रधरांकडे आलेला हा सराळ्याचा पंडित पुढे त्यांचा अनुयायी झाला. चक्रधरांच्या गमनानंतर त्यांच्या आठवणी लोप पावण्याचे भय होते. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विचारून, आणि जे त्यांच्यासमोर घडले नव्हते ते इतर प्रत्यक्षदर्शींना विचारून, सुमारे १२७८ मध्ये 'लीळाचरित्र' सिद्ध केले. कोणत्या गावी, कोणाच्या समक्ष, कोणत्या निमित्ताने, हे तपशील लीळांत सातत्याने येतात. ते अशा विचारणेवाचून हाती येणे शक्य नव्हते. वादी पंडिताचा पृच्छक झाला, हे परिवर्तन अर्थपूर्ण आहे. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर संहिता स्मरणातून पुन्हा उभारावी लागली. त्या वेळी निरनिराळ्या स्मृतींतील भेद दडपून न टाकता 'वासना' म्हणून नोंदविले गेले.

केसोबासांनी 'लीळाचरित्रा'तील वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला. पाठांतरास ही सोय उत्तम होती. परंतु प्रसंगापासून तुटलेले सूत्र अनेक अर्थांना वाव देऊ लागले. यास्तव कोणते वचन कोणाला, कोणत्या निमित्ताने सांगितले, हे दर्शविणारे 'प्रकरणवश' पंथास आवश्यक वाटले. उत्तरे सुरक्षित असूनही त्यांचे प्रश्न पुन्हा शोधावे लागले, ही घटना चर्चाशास्त्राच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

या साधनांची एक मर्यादा मात्र विसरता येत नाही. ही सर्व नोंद श्रद्धावान अनुयायांनी केलेली आहे. प्रतिपक्षाचे प्रश्न तीत बहुधा निरुत्तर झालेल्या स्वरूपातच आढळतात. ते मुळात किती सबळ होते, याचा निर्णय केवळ या ग्रंथांवरून करणे धाडसाचे ठरेल. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली 'लीळाचरित्रा'ची प्रत १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून पाठभेदांची तुलना सुकर झाली आहे. त्या तुलनेत उत्तरांतील भेदांबरोबरच प्रश्नांतील भेदही तपासले पाहिजेत. प्रश्न बदलला की तेच उत्तर निराळा सिद्धान्त सांगू लागते, आणि पंथाच्या मूळ विचाराविषयीचे पुष्कळ मतभेद कदाचित तेथेच उगम पावले असतील.