पुडिंग, क्रूस आणि ‘आजीबाई’ : पंडिता रमाबाईंचे परदेशातले तीन नाताळ

आजचा भाग रेकॉर्ड करतेय मलकापुरातून. आपलं कराडजवळचं मलकापूर, हायवेवरचं. मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायचं नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग.

गेल्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ती मिरजेची, नर्सिंग शिकलेली, आता नवरा आणि मुलीसोबत इंग्लंडमध्ये असते. ख्रिस्ती कुटुंब. म्हणाली, “अगं, इथं दुपारी चार वाजता अंधार पडतो. ड्युटीवरून येऊन रात्री करंज्या लाटत बसले होते. तर पोरगी म्हणते, मम्मी, ख्रिसमसला करंज्या कोण करतं? माझ्या वर्गात सगळ्यांकडे पुडिंग असतं. आपण खरे ख्रिश्चन नाही का?”

मैत्रीण हसत सांगत होती, पण तिला तो प्रश्न लागला होता, हे आवाजावरून कळत होतं.

मला एकदम दुसऱ्याच मायलेकी आठवल्या. १४० वर्षांपूर्वी त्याच देशात, त्याच थंडीत, याच प्रश्नाशी भांडत असलेल्या. आई होती पंडिता रमाबाई आणि लेक मनोरमा. आजची गोष्ट त्या दोघींची.

रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात येतं आणि जातं. म्हणून आधी थोडक्यात सांगते. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकू नये असं सांगितलं जायचं त्या काळात या माणसानं बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. पुढं दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, पुराणं सांगत. १८७८ मध्ये कलकत्त्यात पोचल्या, तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊही गेला. मग त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात मोडून, लग्न केलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं वारला. वय वर्षं तेवीस, कडेवर तान्ही पोर आणि समोर कुणी नाही.

दुसरी कुणी असती तर खचली असती. ही बाई पुण्यात आली, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या पैशातून इंग्लंडचं तिकीट काढलं! १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून बोटीत बसल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. या आनंदीबाई वेगळ्या, डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी वेगळ्या. त्या जोशीबाई पुढं येतीलच.

त्या उतरल्या वाँटेज नावाच्या गावी. ऑक्सफर्डच्या बाजूचं छोटं बाजारगाव. तिथं १८४८ मध्ये स्थापन झालेला अँग्लिकन सिस्टर्सचा एक मठ होता, सेंट मेरी द व्हर्जिन या नावाचा. याच सिस्टर्सची एक शाखा पुण्यात पंच हौदाजवळ काम करायची, त्यातून ओळख झालेली. व्यवहार सरळ होता. हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, त्या बदल्यात त्यांना इंग्रजी शिकायला मिळणार. पुढं डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. पण त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळं ते स्वप्न तिथंच थांबलं.

आता मठातला रोजचा दिवस कसा असेल, डोळ्यासमोर आणा. घंटेवर उठायचं, घंटेवर प्रार्थना, घंटेवर जेवण. बोलायची भाषा अनोळखी, त्यात कान नीट काम देत नाही. आयुष्यभर ज्या बाईनं रस्त्यावर, देवळात, नदीकाठी दिवस काढले, ती आता भिंतीच्या आत. सोबत एक पोर, जिला आईपेक्षा लवकर इंग्रजी येणार हे उघड आहे. आजही परदेशी गेलेल्या प्रत्येक घरात हे होतंच ना? आईबाप व्याकरण जुळवत बसतात आणि पोरं तिकडच्या सुरात बोलायला लागतात.

त्याच वर्षी एक भयंकर गोष्ट घडली. आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आपलं आयुष्य संपवलं. आपल्याला जबरदस्तीनं बाटवतील, या भीतीनं त्यांना पछाडलं होतं असं सांगतात. रमाबाई हादरून गेल्या. ऑक्सफर्डला संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांच्या घरी त्या काही दिवस राहिल्या, तेव्हाही तो धक्का ओसरला नव्हता.

आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथं जरा थांबूया. त्यांनी बाप्तिस्मा का घेतला, बरोबर केलं की चूक, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. तेव्हा पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग पाखडली. त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते जोतीराव फुले, ज्यांचं मूळ गाव आपल्या साताऱ्यातलं कटगुण. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ काढलं, त्यात रमाबाईंची बाजू घेतली. पण आज मला वेगळं सांगायचंय. बाप्तिस्मा झाल्यावर काय झालं? कारण खरं भांडण तिथून पुढं सुरू झालं, आणि तेही जेवणाच्या टेबलावर.

डिसेंबर १८८३. ख्रिस्ती म्हणून मायलेकींचा पहिला नाताळ. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जावाजवळ क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला होता. त्याची धूळ पृथ्वीभर पसरली आणि त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये सूर्यास्त रक्तासारखे लाल दिसायचे. खाली धुकं, गारठा आणि चार वाजताचा अंधार. घराघरात नाताळची तयारी. झाड सजवणं, कार्डं पाठवणं हे सगळं तोवर इंग्लंडमध्ये रुळलेलं होतं. आणि टेबलावरचा राजा म्हणजे ख्रिसमस पुडिंग.

हे पुडिंग म्हणजे आपल्या खिरीसारखं काही असेल असं समजू नका. मनुका, बेदाणे, पावाचा चुरा, मसाले, त्यात अंडी, बैलाच्या नाहीतर मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि वरून ब्रँडी. कित्येक तास शिजवायचं, मग काही आठवडे मुरवायचं. आणि रमाबाई? जन्मापासून शाकाहारी. अंडं नाही, मांस नाही, दारू नाही.

पुडिंगवरून त्यांचा आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा खरोखरच खटका उडाला. तो काही नाताळापुरता नव्हता, रोजच्या जेवणाचाच होता. दोघींची पत्रं आज छापलेली आहेत, त्यात तो वाचायला मिळतो. सिस्टरांचं म्हणणं असं की, ख्रिस्ती झालीस, आता अंडं घातलेलं पुडिंग नको म्हणणं हा जातीचा ताठा आहे. तो सोड.

रमाबाईंनी पत्रातून जे उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ सांगते. माझ्या वाडवडलांच्या चालीरीतींनी कुणाचं वाईट होत नसेल तर मी त्या पाळणार. मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं. आणि एखादी इंग्रज बाई आमच्या देशात येऊन राहिली, तिनं स्वतःचं खाणंपिणं बदललं नाही, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का?

हे शेवटचं वाक्य परत वाचा. साहेबमंडळी आपल्याकडं यायची, तेव्हा स्वतःचेच कपडे घालायची, स्वतःच्याच पद्धतीचं जेवायची. त्याला कुणी ताठा म्हणालं नाही. आणि ही एकटी बाई, त्यांच्याच देशात, त्यांच्याच छपराखाली राहून हे त्यांना तोंडावर विचारत होती. रमाबाईंच्या शब्दकोशात ‘हिंदू’ म्हणजे आपला देश, आपली माणसं, आपली राहणी. आणि श्रद्धा ही वेगळी गोष्ट. येशूला मानलं म्हणून इंग्रज व्हायलाच पाहिजे, हे गणित त्यांना कधीच पटलं नाही.

दुसरा वाद क्रूसाचा. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द कोरायची मठाची पद्धत. रमाबाई म्हणाल्या, मला संस्कृत शब्द हवेत. लॅटिन मला येत नाही, माझ्या माणसांनाही येत नाही, आणि ती भाषा इतर भाषांपेक्षा जास्त पवित्र आहे असंही मला वाटत नाही. विचार करा, ज्या भाषेसाठी तिच्या बापाला समाजानं छळलं, तीच भाषा ती गळ्यात घालायला मागत होती.

तिसरा वाद सगळ्यात अवघड, कारण तो मनोरमेवरून होता.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथं प्राचार्या होत्या डोरोथिया बील, मोठ्या मनाची बाई. रमाबाई तिथं संस्कृत शिकवायच्या आणि इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या. मुलांनाही, म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांना, शिकवायची संधी आली, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात पुरुषांसमोर व्याख्यानं दिलेली बाई! तिला हे बंधन इंग्लंडमध्ये आडवं आलं.

या सगळ्या धावपळीत मनोरमा बराच काळ वाँटेजला सिस्टरांकडे असायची. सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना काय हाक मारायच्या माहितीये? ‘आजीबाई’. इंग्रजी पत्रांतसुद्धा हाच शब्द, रोमन अक्षरांत. एका इंग्रज सिस्टरला मराठी नातं लावून टाकलं. ज्या पत्रात कडाक्याचं भांडण, त्याच पत्राच्या वर ‘माझ्या लाडक्या आजीबाई’!

आजीबाईंचा जीव होता मनोवर, यात शंका नाही. त्यांना वाटायचं, पोरीला आपल्या चर्चच्या शिकवणीत वाढवावं. रमाबाई म्हणायच्या, मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवणार. मला स्वतःला जे पटलेलं नाही ते तिच्या डोक्यात भरू नका. आणि ती मोठी होऊन इंग्लंडमध्ये राहणार नाहीये, आपल्या देशात परत जाणार आहे.

मला या जागी दोघींबद्दलही वाईट वाटतं. परक्या देशात मूल सांभाळायला दुसरं माणूस लागतंच. आणि जे माणूस सांभाळतं ते स्वतःच्या पद्धतीनंच सांभाळतं. आज पाळणाघर असो नाहीतर तिकडची शाळा, ताण तोच आहे.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला निघाल्या. कारण आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होत होत्या, नात्यातल्याच. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. काही आठवड्यांसाठी गेलेली बाई अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिली, व्याख्यानं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करत. मनोला मात्र परत वाँटेजला, आजीबाईंकडे पाठवावं लागलं. म्हणजे पुढचे नाताळ मायलेकींनी वेगवेगळ्या खंडांत काढले. हक्कासाठी एवढं भांडलेल्या आईला शेवटी लेक त्यांच्याच हाती द्यावी लागली. याची किंमत आईनं मोजली, आणि न विचारता लेकीनंही.

मग मायदेशी परत. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढं ते पुण्यात आलं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. तरी काही मुली ख्रिस्ती व्हायला लागल्या म्हणून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर दोन्हीकडून टीका झाली. मठाला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि पुण्याला पुरेशा हिंदू.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. अंगावर साधी पांढरी साडी, जेवण शाकाहारी. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. पंडितांनाच कळेल अशी जड भाषा त्यांना नको होती, खेड्यातल्या बाईला समजेल अशी हवी होती. क्रूसावर लॅटिन नको म्हणणारी बाई इथवर पोचली होती.

आणि मनोरमा? तिनं पुढं अमेरिकेत शिक्षण घेतलं, परत येऊन आईच्या खांद्याला खांदा लावून काम केलं, गुलबर्ग्यात शाळा काढली. १९२१ च्या जुलैत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती वारली. कुठं? आपल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात. इथून दोनेक तासांच्या अंतरावर. वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या.

रमाबाईंनी वाँटेजमध्ये जे मागितलं, ते आपल्या भागात नंतर सहज झालं. कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्याला राहायला आले. ख्रिस्ती कीर्तन, अभंगाच्या चालीवरची भजनं ही त्यांची देणगी. आज मिरज, सातारा, कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरमध्ये करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात, दारात चांदणीचा कंदील लागतो. आणि ‘नाताळ’ हा आपला शब्द? तो इंग्रजी नाहीच, पोर्तुगीजांकडून आलाय. आपण तो इतका आपलासा केला की परका वाटतच नाही.

मी मैत्रिणीला हे सगळं व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. सतरा मिनिटांचा झाला, तिनं शिव्या घातल्या. पण दुसऱ्या दिवशी मेसेज आला की, पोरगी डब्यात चार करंज्या घेऊन शाळेत गेली. आणि घरी येऊन म्हणाली, उद्या जास्त दे.

तुमच्या घरातलं कुणी परदेशात सण साजरा करत असेल तर त्यांना हा भाग पाठवा. आणि त्यांच्या टेबलावर यंदा काय होतं, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.