आधी नक्कल, मग वेष्टन

भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांसमोर सासूबाईंनी म्हटलेल्या स्तवनांची सीडी सापडली. वर ना नाव, ना साल.

पूर्वी ताडपत्री पोथीला वर-खाली लाकडी पाट्या आणि कापडी वेष्टन असे. जैसलमेरच्या 12व्या शतकातल्या पाट्यांवर आचार्यांची चित्रंही आहेत. ज्ञानपंचमीला पोथ्या झाडून वेष्टनं बदलत.

सीडी आली 1982 मध्ये. तिचं वेष्टन मी घरच्या प्रिंटरवर छापलं. पुढचा कागद 12 सेंमी चौरस, मागचा 15.1 बाय 11.8, कडेच्या पट्ट्या दुमडून. नणंदेला विचारून साल घातलं.

मग सीडी लावली, तर दोन स्तवनं अडकली! पोथ्या नुसत्या वेष्टनाने टिकल्या नाहीत. शास्त्रदान म्हणून लोक नकला करवून घेत. उरलेली स्तवनं लगेच पेन ड्राइव्हवर उतरवली. तुमच्या कपाटातही कुणाचा आवाज असेल, तर आजच काढा.